भोकाचा पैसा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोन करून सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर पोरांना कृत्रिम बुद्धिमत्तेवर काहीतरी सांग." मी म्हटलं, ते रोजच कानावर पडतं. मला बोलायचंच असेल तर भोकाच्या पैशावर बोलेन. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग आवाज आला, "काहून गं माय, काही अडचण आहे काय पैशाची?"

तशी काही अडचण नाही. गेली दहा-बारा वर्षं मी जुनी नाणी जमवते. तीही महागातली नाहीत. सोन्याची मोहर माझ्याकडे नाही, शिवकालीन होन तर स्वप्नातही नाही. मी जमवते ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, दहा-वीस रुपयांना मिळणारी किरकोळ नाणी. त्यात सगळ्यांत जास्त आहेत भोकाचे पैसे. आत्ता तुमच्या रांगांमधून दोन डबे फिरताहेत, त्यात ते आहेत. हातात घ्या, बोटांनी चाचपून बघा. मागच्या बाकावरच्या मंडळींना एकच विनंती, डबे मोजून दिलेत, मोजूनच परत घेणार आहे.

आधी नाणं नीट बघू. मधोमध मोठं गोल भोक. एका बाजूला भोकाच्या वर मुकुट, 'इंडिया' हे नाव, साल आणि किंमत. किंमत इंग्रजीत आहे, तशी नागरीत आणि उर्दूतही आहे. दुसऱ्या बाजूला पानांची वेलबुट्टी, भोकाभोवती हार घातल्यासारखी. राजाचा चेहरा कुठेच नाही. तेव्हा गादीवर सहावा जॉर्ज होता आणि रुपयावर, आण्यावर त्याचं डोकं होतंच. पण इथे चेहऱ्याच्याच जागी भोक पडलं, त्यामुळे बिचाऱ्याला नुसत्या मुकुटावर भागवावं लागलं. साल बघा. १९४३ ते १९४७ यांतलंच कुठलंतरी असेल. त्याआधी हा पैसा नव्हता आणि त्यानंतर तो पाडला गेला नाही.

आता भोक का, हा प्रश्न. लहानपणी मी तो घरी विचारला होता. आजीनं उत्तर दिलं, "करगोट्यात ओवता यावा म्हणून." लहान मुलांच्या कमरेच्या करगोट्यात हा पैसा बांधलेला तिनं पाहिलेला, त्यामुळे तिच्या दृष्टीनं उत्तर बरोबरच होतं. आमच्या गल्लीतल्या सुताराचं उत्तर वेगळं होतं. त्याच्या मते तो वायसर म्हणूनच केलेला होता, कारण नटाखाली घालायला इतकी चांगली चकती त्या भावात बाजारात मिळतच नव्हती. खरं कारण मात्र तांबं.

युद्धात तांब्याची भूक फार मोठी असते. बंदुकीच्या गोळीचं पितळी नळकांडं म्हणजे साधारण सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. तोफेच्या गोळ्याला तांब्याचा पट्टा लागतो. टेलिफोनच्या तारा, विजेच्या मोटारी, जहाजांचे भाग, सगळीकडे तांबं. आपल्या पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. असे कारखाने रात्रंदिवस चालवायचे, तर धातू आणायचा कुठून? एक जागा सरकारच्या हाताशीच होती. लोकांच्या खिशात जाणारी नाणी.

इथे गणिताच्या सरांची परवानगी घेऊन फळ्यावरचं गणित तोंडी करते. युद्धाआधी पैशाचं जे नाणं होतं, ज्यावर 'पाव आणा' लिहिलेलं असे, ते साधारण ४.८६ ग्रॅमचं. भोकाचा पैसा जेमतेम दोन ग्रॅमचा. म्हणजे एका नाण्यामागे पावणेतीन ग्रॅमपेक्षा जास्त धातू वाचला. एकात काही वाटत नाही. पण ही नाणी कोट्यवधींनी पाडली गेली. एक कोटी नाण्यांमागे हिशेब केला, तर २८-२९ टन ब्राँझ वाचतं, आणि ब्राँझ म्हणजे बहुतेक तांबंच. पै पै वाचवणं म्हणतात ते हेच.

मग नुसतं छोटं नाणं का नाही केलं? भोक पाडायचा खटाटोप कशाला? माझ्यातल्या इंजिनिअरला इथे मजा येते. त्या काळी अर्ध्या पैशाचंही नाणं होतं, धेला. त्याचा व्यास साधारण २१ मिलिमीटर. भोकाचा पैसाही जवळपास तेवढाच. भोक नसतं, तर कंदिलाच्या उजेडात बाजार करणाऱ्या माणसाला धेला कुठला आणि पैसा कुठला हे कळलं नसतं. भोकामुळे न बघता, नुसत्या बोटानं कळायचं. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही, ज्याला दिसत नाही त्यालाही. आम्ही ऑफिसात स्क्रीनवरचं एखादं बटण कुठे असावं यावर तीन-तीन बैठका घेतो. या नाण्याला एका भोकात दोन कामं जमली होती, धातूही वाचला आणि ओळखही पटली.

पण तांब्याचा पैसा ही युद्धातल्या नाण्यांच्या कहाणीची शेवटची पायरी होती. सुरुवात चांदीपासून झाली. १९४० च्या मे-जूनमध्ये जर्मनीनं फ्रान्स पाडला आणि इकडे हिंदुस्थानात लोकांचा कागदावरचा विश्वास डळमळला. इंग्रज हरले तर नोटेचं काय होणार? त्यापेक्षा बंदा रुपया घरात असलेला बरा. लोक नोटा देऊन रुपये घेऊ लागले, पुरून ठेवू लागले. त्याच जूनमध्ये सरकारनं हुकूम काढला, की गरजेपेक्षा जास्त नाणी जमवणं हा गुन्हा. जुलैत एक रुपयाची कागदी नोट आणली. त्याच वर्षी रुपयातली चांदी सुमारे ९२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर उतरवली. पुढच्या वर्षी व्हिक्टोरिया राणीचा रुपया चलनातूनच काढला. म्हणून घरातल्या जुन्या रुपयांची तारीख बघताना १९४० ही रेघ लक्षात ठेवा. रेघेच्या अलीकडचा रुपया वाजवला की खणखणीत वाजतो, पलीकडच्याचा आवाज थोडा बसलेला असतो.

मग निकेलची पाळी. चिलखती पोलादाला निकेल लागतं, म्हणून १९४२ पासून अर्धा आणा, एक आणा आणि दोन आणे ही नाणी पिवळसर मिश्रधातूची झाली. डब्यात पिवळी, चौकोनी चवली दिसेल, आणि कडेला पाकळ्या असलेला आणाही दिसेल, तो त्याच काळातला. युद्ध संपल्यावर १९४६ ला ही नाणी पुन्हा पांढरी झाली. रुपयातली उरलीसुरली चांदीही मग गेली, आणि शेवटचा इंग्रजी रुपया, १९४७ चा, निकेलचा निघाला. त्याच्यावर वाघ आहे.

एवढं सगळं करूनही सुट्या पैशांची चणचण होतीच. १९४२-४३ ला सुटे मिळेनात. काठेवाड-राजस्थानातल्या काही संस्थानांनी तर पै-पैशाची जाड कागदाची तिकिटं छापली. आजी सांगायची, की दुकानदार उरलेल्या पैशाच्या बदल्यात मूठभर फुटाणे द्यायचा, नाहीतर काड्यापेटीतल्या मोजून चार-पाच काड्या. तिला युद्ध म्हणजे हिटलर माहीत नव्हता, चर्चिल माहीत नव्हता. तिला युद्ध म्हणजे सुटे नसणं, रॉकेलची रांग आणि नव्या पैशाला पडलेलं भोक.

आता मी आपल्या गावाकडे येते, कारण हा विषय सुलतानपूरला बोलण्यात एक खास अर्थ आहे. आपण वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्यात. तेव्हा हा भाग मध्य प्रांत व वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजी कारभाराखाली. पण लोणार ओलांडून दक्षिणेला थोडं गेलं की मंठा, जिंतूर, तो सगळा मुलूख निजामाचा. तिथे नाणं वेगळं. आपल्याकडे कलदार, तिकडे हाली सिक्का. भाव ठरलेला होता. १०० रुपये कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. ऐकायला भयंकर वाटतं, पण सरळ प्रमाण आहे सहास सात. पाहिजे तर १६ आण्यांचा रुपया आणि १२ पैंचा आणा धरून करून बघा, बरोबर येतं. आमच्या आजोबांना हा हिशेब तोंडपाठ होता. बैल घ्यायला सीमेपलीकडच्या बाजारात जायचं, तर कंबरेच्या कशात दोन्ही नाणी वेगवेगळी बांधलेली असायची. चौथी शिकलेला माणूस आणि परकीय चलनाचा व्यवहार तोंडी करायचा. मी पुण्यात बसून डॉलर-रुपयाचा हिशेब करायला मोबाईल काढते, तेव्हा मला त्यांची आठवण येते.

गंमत अशी, की युद्धानं निजामालाही सोडलं नाही. हिजरी सन १३६२, म्हणजे आपलं १९४३. त्या साली हैदराबादच्या टांकसाळीनंही दोन पैचं ब्राँझचं नाणं मधे भोक पाडून काढलं. कच्छच्या महारावांच्या नाण्यांनाही त्याच सुमारास भोकं पडली. राजे वेगळे, लिपी वेगळी, सन वेगळा, पण तांब्याची टंचाई सगळ्यांना सारखी. म्हणून आपल्या भागातल्या जुन्या घरात, एकाच गाडग्यात, इंग्रजांचा भोकाचा पैसा आणि निजामाचं भोकाचं दोन पै, दोन्ही सापडतात. मला सापडलेत. दुसऱ्या डब्यातल्या लाल कागदाच्या पुडीत बघा. मुंबई-पुण्याच्या दुकानातही ही दोन्ही नाणी मिळतात, पण ती वेगवेगळ्या खणांतून काढून देतात. एकाच गाडग्यातून निघणं हे सीमेवरच्या गावाचं लक्षण आहे.

अजून एक खूण सांगते. इंग्रजी भोकाच्या पैशावर बारीक टांकसाळ-चिन्ह असतं. मुंबईचं असेल तर ठिपका किंवा शंकरपाळ्याच्या आकाराची खूण. कलकत्त्याचं असेल तर सहसा काहीच नाही. आणि काही नाण्यांवर इंग्रजी 'एल' असतो. तो लाहोरचा. जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत आलं, कलकत्त्यावर बॉम्ब पडू लागले, त्या दिवसांत, १९४३ मध्ये, लाहोरला नवी टांकसाळ सुरू झाली. तीही कमी पडली म्हणून काही नाणी दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला पाडून आणली. विचार करा, लाहोरला पाडलेला पैसा, मधे देशाची फाळणी झाली, आणि तो पैसा इथे मेहकरच्या एका मोडीच्या दुकानात तांब्याच्या हंड्याखाली पडून राहिला. मला तो पंधरा रुपयांना मिळाला. दुकानदार म्हणाला, "बाई, तांब्याच्या भावात देऊ का?" मी म्हटलं, द्या.

हा नाद मला लागला कुठे, तेही सांगते. इथे नाही, अमेरिकेत लागला. कंपनीनं दोन वर्षं तिकडे पाठवलं होतं. रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरायचा, अगदी आपल्या आठवडी बाजारासारखा, फक्त भाजी नसायची. तिथे एका म्हाताऱ्या माणसाच्या टेबलावर राखाडी रंगाच्या नाण्यांची वाटी होती. त्यानं एक छोटं चुंबक वाटीवर धरलं आणि नाणी टपाटप चिकटली. ती १९४३ ची अमेरिकन पेनी, म्हणजे त्यांचा एक सेंट. एरवी तांब्याची, पण त्या एका वर्षी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची. कारण तेच, तांबं दारूगोळ्याला हवं होतं. शंभर कोटींहून जास्त पाडली. लोकांना ती आवडली नाहीत, चांदीच्या नाण्यासारखी दिसायची म्हणून फसगत व्हायची, शिवाय गंजायची. पुढच्याच वर्षी बंद झाली. पण इतकी पाडली होती, की आजही झिजलेली पेनी तिकडे किरकोळ पैशात मिळते. शाळकरी मुलं याच नाण्यापासून संग्रह सुरू करतात, कारण परवडतं आणि पोलादाचा सेंट म्हटलं की त्यांना नवल वाटतं.

मी चार पेन्या घेतल्या. खोलीवर येऊन विचार करत बसले, की एका वर्षाच्या पोलादी सेंटची गोष्ट तिथल्या लहान मुलाला माहीत आहे, आणि आपल्या पैशाला पाच वर्षं भोक होतं त्याची गोष्ट आपल्या शाळेत मला कुणी विचारली नाही आणि मीही कुणाला सांगितली नाही. इतिहासाच्या बाई समोर बसल्यात, त्यांना दोष नाही. पुस्तकात दुसरं महायुद्ध दीड पानात संपत होतं आणि त्यात सुलतानपूर येत नव्हतं. पण युद्ध इथे आलेलं होतं. या नाण्यावरून आलेलं होतं.

आता कामाचं बोलते, कारण डबे बघितल्यावर मधल्या सुट्टीत तुम्ही हेच विचारणार, "याची किंमत किती येईल?"

सरळ सांगते. साधा, वापरलेला भोकाचा पैसा मी १० रुपयांपासून ४० रुपयांपर्यंत घेतलाय. अगदी कोरा, चमक न गेलेला असेल तर थोडे जास्त. लाख नाही, हजार नाही. हे मी मुद्दाम जोरात सांगतेय. माझ्या नात्यातल्या एका काकांना फोनवर जाहिरात दिसली, भोकाचा पैसा असेल तर पाच लाख रुपये. त्यांच्याकडे तीन होते. समोरच्यानं आधी नोंदणीचे अडीच हजार मागितले, मग करापोटी बारा हजार. एका बड्या सरकारी बँकेच्या शिक्क्याचं पत्रही पाठवलं, अर्थात खोटं. काकांची पेन्शनची रक्कम गेली. पैशापेक्षा जास्त त्यांना शरमेनं खाल्लं, सहा महिने कुणाला सांगितलं नाही. रिझर्व्ह बँकेनं २०२१ च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट जाहीर केलंय, की जुनी नाणी-नोटा घेण्या-विकण्याच्या व्यवहारात आपण नाही, त्यासाठी कुठली फी घेत नाही आणि आपल्या नावानं कुणाला तशी परवानगीही दिलेली नाही. तेव्हा घरच्या मोठ्यांना आजच जाऊन सांगा, आधी पैसे मागणारा गिऱ्हाईक हा गिऱ्हाईक नसतो. कुणी फसलंच असेल तर शरम बाजूला ठेवून लगेच १९३० नंबरवर फोन करायचा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

अमेरिकेतही हीच तऱ्हा. तिकडे चुकून तांब्यावर पडलेल्या १९४३ च्या मोजक्या पेन्या खरोखरच लाखो डॉलरला गेल्या आहेत. म्हणून लबाड माणसं साध्या पोलादी पेनीवर तांब्याचा मुलामा देऊन विकतात. तिथेही चुंबक लावलं की सोंग उघडं पडतं.

कुणाला हा छंद लावायचा असेल, आणि मुलांना तर जरूर लावा, तर चार गोष्टी. पहिली, नाणं धुवायचं नाही. चिंच नाही, लिंबू नाही, पितांबरी तर मुळीच नाही. ऐंशी वर्षांत चढलेला तपकिरी रंग हेच त्याचं कातडं आहे. घासून चकचकीत केलं की गंमतही जाते आणि किंमतही. दुसरी, बारीक प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवू नका, हिरवं चढतं. साधी कागदी पुडी उत्तम. तिसरी, घराचा पाया खणताना जमिनीत गाडलेलं गाडगं सापडलं, तर ते परस्पर विकायचं नाही. १८७८ चा कायदा अजून आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. चौथी आणि सगळ्यांत महत्त्वाची, पुडीवर लिहा. कुठे मिळालं, कुणाकडून मिळालं, ते देताना त्या माणसानं काय सांगितलं.

हे चौथं का महत्त्वाचं, ते सांगून थांबते.

माझ्याकडे आज भोकाचे पैसे दोनशेच्या वर आहेत. त्यातले बहुतेक एकसारखे. कुणी चोरले तर चोराला चार-पाच हजार मिळतील. पण त्यात साठेक पुड्या अशा आहेत, ज्यांच्यावर काहीतरी लिहिलेलं आहे. एकीवर आहे, "मंठ्याहून सासरी आले तेव्हा आईनं दिलेल्या पाच पैशांतला." एकीवर, "वडिलांनी गाडीच्या चाकात वायसर म्हणून घातला होता, चाक मोडल्यावर काढला." एकीवर, "याचं एक पैशाचं मीठ आणलं होतं, महिनाभर पुरलं." एका आजोबांनी दिलेल्या पुडीवर फक्त एवढंच आहे, "धाकट्या भावाच्या करगोट्यातला. भाऊ देवीच्या साथीत गेला." त्यांनी तो सत्तर वर्षं जपला होता. मी घेणार नाही म्हटलं, तर ते म्हणाले, "घे बाई, माझ्यामागं हा कुणाचा पैसा होता ते कुणाला कळणार नाही. तुझ्याजवळ लिहिलेलं राहील." ते आजोबा आता नाहीत.

१९४३ ला जो दहा वर्षांचा होता, तो आज नव्वदीच्या पुढे आहे. आपल्या गावात, आपल्या घरांत अशी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. समोर बसलेल्या आपल्या गुरुजींनी १ एप्रिल १९५७ ला आण्याचा नवा पैसा होताना शाळेत असताना बघितलंय. तेव्हा एक आण्याला सहा नवे पैसे, दोन आण्यांना बारा, पण तीन आण्यांना एकोणीस मिळायचे. हे कोष्टक त्यांनी पाठ केलंय. तीन वेळा एकेक आणा मोडला तर अठरा आणि एकदम तीन मोडले तर एकोणीस, तो वरचा एक पैसा कुणाच्या पदरात पडायचा, हे मला त्यांच्याकडून ऐकायचंय. आम्ही याला प्रोग्रॅममधली पूर्णांकाची अडचण म्हणतो, त्यांनी ती किराणा दुकानाच्या काउंटरवर सोडवलीय. हे कुठल्याही पुस्तकात नाही आणि गुगलवरही नाही.

नाणी काही संपणार नाहीत. कोट्यवधी पाडली होती, मी गेल्यावरही मोडीच्या दुकानात मिळतील. संपत चाललीत ती माणसं, ज्यांना त्या एका पैशात काय यायचं हे माहीत आहे.

म्हणून माझी दोन कामांची विनंती आहे. एक, हा संग्रह मी शाळेला देतेय. फार मोठा नाही, काचेचं एक छोटं कपाट पुरेल, त्याचा खर्च आपल्या बॅचनं उचलावा. मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय, त्यांनी होकार दिलाय. दोन, कपाटासोबत एक जाड वही राहील. या दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही गावाला याल, तेव्हा घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाजवळ अर्धा तास बसा. फोन बाजूला ठेवा, किंवा ठेवू नका, त्यावर आवाज भरून घ्या, ते उत्तम. हातात भोकाचा पैसा द्या. नसेल तर माझ्याकडून घेऊन जा, आज साठ जादाचे आणलेत. आणि एवढंच विचारा, "याचं काय मिळायचं?" पुढचं विचारावं लागत नाही. ती माणसं आपोआप बोलू लागतात. ऐकलेलं जसंच्या तसं, त्यांच्या बोलीत, नाव-गाव-तारीख घालून वहीत लिहा. शुद्धलेखन तपासायला मराठीच्या बाई आहेतच, पण या वहीपुरतं त्यांनी लाल पेन घरी ठेवावं, अशी त्यांनाही विनंती.

पुढच्या वर्षी नववीच्या मुलांना दुसरं महायुद्ध शिकवताना सरांनी ते दीड पान वाचून झालं, की ही वही उघडावी. मुलांना कळेल, की त्या युद्धात आपल्या सुलतानपूरच्या एका घरात एक पैशाचं मीठ महिनाभर पुरवलं गेलं होतं.

डबे परत येऊ देत. मोजते. आणि ज्याला कुणाला आपल्या नाण्यात 'एल' दिसला असेल, त्यानं जेवताना मला येऊन सांगा, आपण भिंग घेऊन बघू.